निरोपाची पोच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या आष्ट्यात नौदलातून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आण्णा, रातीचं जहाज कुठं लावता वो?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पेठ-सांगली रस्त्यावर रात्री ट्रक धाब्यापुढे लागतात, एस.टी. डेपोत लागते, बैलगाडी गोठ्यापुढे सुटते. मग जहाजही कुठंतरी लागत असेलच, असं वाटणं साहजिक आहे. पण समुद्रात जहाज लागत नाही. मुंबईहून निघालेलं जहाज कोचीला पोहोचेपर्यंत रात्रंदिवस चालत राहतं. त्यावरची माणसं मात्र झोपली पाहिजेत, जेवली पाहिजेत, आणि जहाजही क्षणभर बिनराखणीचं राहता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्यासाठी जी व्यवस्था आहे, तिला इंग्रजीत 'वॉच' म्हणतात. आपल्याकडे ऊसपट्ट्यात यासाठी नेमका शब्द आहे, पाळी.

मी पंधरा वर्षं नौदलात सिग्नलचं काम केलं. म्हणजे निरोप घ्यायचे आणि निरोप द्यायचे. कधी वायरलेसवर, कधी दिव्यानं, कधी बावट्यांनी. या नोकरीत मी जे शिकलो, त्याचं सार एका मराठी शब्दात सांगता येतं. तो शब्द म्हणजे 'पोच'. निरोप पाठवला म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो. जहाजावर तसं धरत नाहीत. समोरच्याची पोच येईपर्यंत निरोप गेलाच नाही, असं तिथं मानतात. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

दिवसाच्या सात पाळ्या

आधी पाळ्या कशा असतात ते पाहू. चोवीस तासांचे चार-चार तासांचे सहा भाग पडतात. रात्री आठ ते बारा ही पहिली पाळी. बारा ते चार ही मधली, सगळ्यांत नकोशी. चार ते आठ सकाळची, आठ ते बारा दुपारपूर्वीची, बारा ते चार दुपारनंतरची. राहिले संध्याकाळचे चार ते आठ. या चार तासांचे मात्र दोन तुकडे करतात, चार ते सहा आणि सहा ते आठ. त्यांना 'डॉग वॉच' म्हणतात. म्हणजे दिवसाच्या पाळ्या सहा नव्हे, सात झाल्या.

हे कशासाठी? समजा माणसांच्या तीन टोळ्या आहेत आणि पाळ्या सहा आहेत. मग जी टोळी आज मध्यरात्री उभी राहिली, तीच उद्या, परवा आणि महिनाभर मध्यरात्रीच उभी राहील. पाळ्या सात केल्या की रोज एक घर पुढं सरकतं. आज ज्याला मधली पाळी, त्याला उद्या दुसरी. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री देतात, तेव्हा रात्रीचा त्रास एकाच गावाच्या वाट्याला येऊ नये म्हणून वेळापत्रक फिरवतात. त्यातलीच ही जुनी युक्ती आहे. शिवाय संध्याकाळच्या जेवणाचीही सोय होते.

वेळ कळण्यासाठी जहाजावर घंटा असे. पूर्वी अर्ध्या तासाची वाळूची घटिका होती. ती रिकामी झाली की उलटायची आणि घंटा द्यायची. पहिल्या अर्ध्या तासाला एक टोल, तासाला दोन, असं करत चार तासांनी आठ टोल. आठ टोल झाले की पाळी बदलली. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवत, पाण्यात तांब्याची भोकाची वाटी सोडत आणि ती बुडाली की एक घटका झाली म्हणत. आपली घटका चोवीस मिनिटांची, त्यांची तीस मिनिटांची, एवढाच काय तो फरक.

पाळी देणं आणि घेणं

जहाज जिथून हाकतात त्या उंच जागेला ब्रिज म्हणतात. तिथं पाळीचा अधिकारी असतो, सुकाणूवर एक नौसैनिक असतो, टेहळणीला माणसं असतात आणि सिग्नलचा माणूस असतो. खाली इंजिनरूममध्ये त्यांची वेगळी पाळी असते. कप्तान झोपलेला असला, तरी त्याच्या जागी पाळीचा अधिकारी जबाबदार असतो आणि शंका आली तर कप्तानाला उठवणं हे त्याचं कर्तव्यच असतं.

पाळी सुरू होण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी नवा माणूस वर येऊन उभा राहतो. केवळ शिस्त म्हणून नव्हे. उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्यांना नीट दिसायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रात्री उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. घरातून निघाल्यावर पहिला बांध चाचपडतच ओलांडावा लागतो. म्हणून रात्री ब्रिजवर पांढरा दिवा लावत नाहीत. लावलाच तर मंद तांबडा.

मग आधीचा माणूस पुढच्याला सगळं सांगतो. दिशा कोणती, वेग किती, आसपास कोणती जहाजं आहेत, त्यांचे कोणते दिवे दिसतात, कप्तानानं रात्रीसाठी काय लिहून ठेवलंय. नवा माणूस ते ऐकतो, स्वतः डोळ्यांनी पडताळतो आणि मोठ्यानं सांगतो की, पाळी मी घेतली. हे शब्द उच्चारले जाईपर्यंत जबाबदारी जुन्याचीच. घड्याळात चार वाजले म्हणून ती आपोआप सरकत नाही. जहाज वळणाच्या मध्यावर असेल, तर वळण पूर्ण होईपर्यंत पाळी बदलत नाहीत. येणारा माणूस आजारी किंवा पेंगुळलेला वाटला, तर त्याला पाळी द्यायची नाही आणि वरिष्ठांना कळवायचं, असाही नियम आहे.

दिव्यांचंही थोडं सांगतो. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. समोरून आडवं येणारं जहाज तुमच्या उजव्या हाताला असेल, तर तुम्हाला त्याचा लाल दिवा दिसतो. तेव्हा वाट तुम्ही द्यायची. तेच जहाज तुमच्याकडे पाहतं तेव्हा त्याला तुमचा हिरवा दिसतो, म्हणजे त्यानं आपल्या मार्गानं चालत राहायचं. चौकात पोलीस नाही, सिग्नलचा खांब नाही. पण दोघांच्या दिव्यांतच नियम लिहिलेला आहे. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे हे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून लागू झाले. त्यातला पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक जहाजानं डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या प्रत्येक साधनानं सतत टेहळणी ठेवली पाहिजे. आता रडार आहे, उपग्रहावरून जागा कळते. तरीही डोळे आणि कान त्या नियमातून काढलेले नाहीत.

आज्ञा परत म्हणायची

जहाजावर बोलायची एक रीत आहे. पाळीचा अधिकारी म्हणतो, "स्टारबोर्ड टेन." म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश. सुकाणूवरचा माणूस ते शब्द परत म्हणतो. मग चाक फिरवतो. चाक दहावर पोहोचलं की पुन्हा सांगतो, दहा लागले. एका आज्ञेला अशा दोन पोचा येतात. पहिलीनं कळतं की ऐकलं बरोबर, दुसरीनं कळतं की केलं बरोबर. नवख्या पोरांना हे पोपटपंची वाटतं. पण वारा घोंघावत असताना उजवं की डावं यात घोटाळा झाला, तर परत म्हणताना तो लगेच पकडला जातो. जहाज वळायच्या आधीच.

आकडेही सुटे सुटे म्हणतात. एकशे वीस अंश म्हणायचं नाही. एक, दोन, शून्य. आपल्या मराठीत याची गरज तर फारच आहे. फोनवर एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांत किती गफलत होते! शेवटी आपणही "सात नऊ" असंच सांगतो. अक्षरांचंही तेच. इंग्रजी बी, डी, पी, टी ही अक्षरं गोंगाटात एकसारखी ऐकू येतात. म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी नावं ठरली. आपण शाळेत 'क कमळातला, ख खटाऱ्यातला' म्हणत शिकलो, तीच ही पद्धत. फरक एवढाच की, इथं क कमळाचाच हवा. कपबशीचा चालत नाही. सगळ्या जगाचं कमळ एकच.

सिनेमात वायरलेसवरचा नायक 'रॉजर' म्हणतो तेव्हा प्रेक्षकांना वाटतं, तो 'हो' म्हणाला. तसं नाही. रॉजर म्हणजे फक्त 'मिळालं'. मी तसं करीन असं सांगायचं असेल तर 'विल्को' म्हणावं लागतं. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आऊट' म्हणजे संभाषण संपलं. त्यामुळे 'ओव्हर अँड आऊट' असं कुणी खरा ऑपरेटर म्हणत नाही. तू बोल आणि मी चाललो, हे एका दमात कसं सांगणार?

बावट्यांची बाराखडी

पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो, 'बंदरात तीन नंबरचा बावटा लावला'. प्रत्यक्षात तिथं कापडाचा बावटा नसतो. दिवसा खांबावर शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या वस्तू चढवतात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात. पण जुना शब्द टिकून आहे. जहाजावरचे बावटे मात्र खरोखरच कापडी असतात.

आंतरराष्ट्रीय संकेतांच्या संचात चाळीस बावटे आणि पताका असतात. रोमन सव्वीस अक्षरांचे सव्वीस, शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा पताका, तीन 'बदली' पताका आणि एक पोचेची पताका. बदली पताका कशाला? एकाच संदेशात एखादं अक्षर दोनदा आलं आणि जहाजावर त्याचा बावटा एकच असला, तर 'वरून पहिला पुन्हा', 'दुसरा पुन्हा' असं त्या सांगतात. रंग फक्त पाच वापरतात: लाल, निळा, पिवळा, काळा आणि पांढरा. समुद्राच्या धुरकट उजेडात लांबून वेगळे ओळखता येतात ते एवढेच.

यातला एकेक बावटाही पूर्ण वाक्य बोलतो. लाल-पिवळा तिरका बावटा म्हणजे माणूस पाण्यात पडलाय. पांढरा-निळा, टोकाला चिरलेला बावटा म्हणजे आमचा पाणबुड्या खाली आहे, हळू जा आणि दूर राहा. लाल-पांढऱ्या चार चौकटींचा म्हणजे तुम्ही धोक्यात शिरताय. निळ्या चौकटीत पांढरं आणि मधोमध लाल म्हणजे वैद्यकीय मदत हवी. निळ्यात पांढरा चौकोन असलेला बावटा बंदरात चढला की समजायचं, जहाज निघतंय, सगळ्यांनी वर या. पूर्ण पिवळा बावटा पाहून पुष्कळांना वाटतं की जहाजावर साथ आहे. आज त्याचा अर्थ नेमका उलट आहे: आमच्या जहाजावर सगळं निरोगी आहे, बंदरात यायची परवानगी द्या.

या पद्धतीची मोठी सोय म्हणजे तिला भाषा लागत नाही. हे संकेतपुस्तक नऊ भाषांत निघालं. जपानी कप्तानानं दोन बावटे चढवले की ग्रीक कप्तान आपल्या भाषेतल्या पुस्तकात तीच दोन अक्षरं शोधतो आणि वाक्य वाचतो. दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नसला तरी चालतं. पहिलं संकेतपुस्तक ब्रिटनमध्ये 1857 साली निघालं. आजचं 1969 पासून वापरात आहे. नौदलांची स्वतःची वेगळी पुस्तकं असतात. त्यांच्याविषयी मी इथं बोलणार नाही, बोलूही नये.

पुस्तकातल्या शब्दांना किती महत्त्व, याची एक गोष्ट सांगतो. 1805 साली ट्राफल्गारच्या लढाईपूर्वी नेल्सनला आपल्या आरमाराला संदेश द्यायचा होता की, प्रत्येक जण आपलं कर्तव्य करील असा इंग्लंडला विश्वास आहे. त्याचा सिग्नल अधिकारी पॅस्को म्हणाला की, 'विश्वास'साठी निवडलेला तो शब्द संकेतपुस्तकात नाही, अक्षर अक्षर चढवावं लागेल. 'अपेक्षा' हा शब्द मात्र पुस्तकात आहे. नेल्सननं लगेच शब्द बदलला. इतिहासात गाजलेल्या त्या वाक्यातला मुख्य शब्द असा सिग्नलवाल्यानं दिलेला आहे. गंमत म्हणजे 'कर्तव्य' हा शब्दही पुस्तकात नव्हता. तो अक्षरांनीच लिहावा लागला.

आता कुणी विचारील, वायरलेस असताना कापडं कशाला? कारण वायरलेस सगळेच ऐकतात, आणि आवाज कुठून आला तेही शत्रू यंत्रानं शोधू शकतो. दिव्याचा लखलखाट किंवा बावटा फक्त नजरेच्या टप्प्यातल्यालाच दिसतो. शिवाय विजेचं यंत्र बंद पडलं, तरी दोरी आणि कापड चालतच असतं.

दिसलं आणि समजलं

आता त्या चाळिसाव्या पताकेकडे येऊ. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, निमुळती. तिचं काम एकच, पोच देणं. समोरच्या जहाजानं बावटे चढवलेले दिसले की आपण ही पताका दोरीवर अर्ध्यापर्यंत चढवायची. तिचा अर्थ, 'तुमचा संदेश दिसला.' मग पुस्तक काढायचं, अर्थ लावायचा. अर्थ लागला की पताका पार टोकाला न्यायची. तिचा अर्थ, 'समजला.' तोपर्यंत समोरच्यानं आपले बावटे उतरवायचे नाहीत.

दिसणं आणि समजणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्या दोरीनं मान्य केलेलं आहे. एवढंच नाही, तर अर्थ लागला नाही तर काय करायचं तेही ठरलेलं आहे. झेड आणि एल हे दोन बावटे चढवायचे: तुमचा संदेश मिळाला, पण कळला नाही. त्यात कमीपणा नाही. उलट न कळता पताका टोकाला नेणं हाच गुन्हा. आपल्या कचेऱ्यांत, बँकेत, दवाखान्यात किती जण 'झेड एल' चढवतात? साहेब काहीतरी बोलले, आपण मान हलवली आणि बाहेर येऊन दुसऱ्याला विचारलं, "काय म्हणाले रे?" अर्ध्यावरची पताका आपण सवयीनं टोकाला नेतो.

याची किंमत केवढी असते, ते 'टायटॅनिक'च्या रात्री कळलं. 14 एप्रिल 1912. रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी ते जहाज हिमनगावर आपटलं. काही मैलांवर 'कॅलिफोर्नियन' नावाचं जहाज बर्फामुळे थांबलेलं होतं. त्याच्यावर वायरलेसचा ऑपरेटर एकच होता आणि तो दिवसभराचं काम संपवून थोड्याच वेळापूर्वी झोपला होता. वायरलेसला दुसरी पाळीच नव्हती. मधल्या पाळीच्या अधिकाऱ्यानं आकाशात पांढरे अग्निबाण पाहिले. एक नव्हे, आठ. त्यानं कप्तानाला कळवलंही. दिव्यानं विचारपूस केली, उत्तर आलं नाही. पण त्या अग्निबाणांचा अर्थ 'आम्ही बुडतोय' असा कुणी लावला नाही आणि झोपलेल्या ऑपरेटरला उठवलं नाही. त्याला उठवलं पहाटे; तोवर टायटॅनिक आणि सुमारे दीड हजार माणसं बुडालेली होती. संदेश दिसला होता. पताका अर्ध्यावर होती. ती टोकाला गेलीच नाही. त्यानंतर 1914 च्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर वायरलेसची अखंड पाळी आली.

'तलवार'ची सिग्नल शाळा

आपल्या मुंबईतही अशीच एक पोच न मिळालेली गोष्ट घडली. 1946 सालची. कुलाब्याला 'तलवार' नावाचा नौदलाचा तळ होता. नाव जहाजासारखं, पण होती ती जमिनीवरची सिग्नल शाळा. वायरलेस, दिवे आणि बावटे शिकणारी, बहुतेक शिकलेली तरुण पोरं तिथं होती. दुसरं महायुद्ध संपलेलं होतं. युद्धात ही पोरं गोऱ्या नौसैनिकांच्या बरोबरीनं पाळ्या देत होती. जेवण, पगार आणि वागणूक मात्र बरोबरीची नव्हती. जेवणाच्या तक्रारी होत्या. तळाच्या प्रमुखाच्या शिवराळ भाषेविषयी लेखी तक्रारी गेल्या होत्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बलाईचंद्र दत्त या तारायंत्र विभागातल्या नौसैनिकाला 'भारत छोडो'सारख्या घोषणा रंगवल्याबद्दल अटक झाली होती. तक्रारी वर पोहोचल्या होत्या, म्हणजे दिसल्या होत्या. समजून घेण्याची तसदी कुणी घेतली नाही.

18 फेब्रुवारी 1946 रोजी 'तलवार'वरच्या नौसैनिकांनी अन्न आणि काम दोन्ही नाकारलं. ज्यांचं कामच निरोप पोहोचवणं, त्यांनी आता स्वतःचा निरोप पोहोचवला. वायरलेसवर बातमी जहाजाजहाजांवर गेली. दुसऱ्या दिवशी मुंबई बंदरातली जहाजं सामील झाली. मग कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम. काही दिवसांत 78 जहाजं, जमिनीवरचे 20 तळ आणि सुमारे 20 हजार नौसैनिक या उठावात आले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग हे दोघेही संदेशवहन विभागातलेच.

जहाजांच्या काठ्यांवरून ब्रिटिश निशाण उतरलं आणि काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही बावटे एकत्र चढले. कुठल्याही संकेतपुस्तकात नसलेला हा संदेश होता. पण मुंबईच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गिरणी कामगाराला तो लगेच वाचता आला. शहर बंद झालं. रस्त्यावर गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसं मेली. शेवटी सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर 23 फेब्रुवारीला जहाजांवर काळे बावटे चढले. त्यांचा अर्थ, शरणागती.

त्याच काळात आमच्या वाळवा तालुक्यात आणि साऱ्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा झालेला नव्हता. इथं वायरलेस नव्हता, जहाज नव्हतं. निरोप माणसाच्या पायांनी जायचे, रात्रीच्या अंधारात, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर. पण निरोप्याची इज्जत तीच होती. कारण निरोप चुकीच्या कानावर पडला तर माणसं तुरुंगात जाणार, हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही.

उठावातले शेकडो नौसैनिक पकडले गेले, नोकरीतून काढले गेले. पुष्कळांचं पुढचं आयुष्य ओढगस्तीत गेलं. पुढं स्वतंत्र भारताच्या नौदलानं आपल्या दोन टग बोटींना मदन सिंग आणि बी. सी. दत्त अशी नावं दिली. मोठ्या जहाजाला ओढून, ढकलून सुखरूप धक्क्याला लावणारी ही छोटी बोट. सिग्नलवाल्याचं नाव तिला शोभतं, असं मला वाटतं.

पुराचा निरोप

हे सगळं मी समुद्रापासून इतक्या लांब, कृष्णा आणि वारणेच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या लोकांना का सांगतोय? कारण पाण्याचा निरोप आता आपल्याकडेही येतो. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी पुरानं सांगली जिल्ह्याचं काय केलं, ते आपण पाहिलंय. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. तेव्हा निरोप नव्हते असं नाही. विसर्गाचे आकडे येत होते, रेडिओवर येत होते, मोबाइलवर येत होते. पण 'कोयनेतून इतके हजार क्युसेक' हे ऐकून नदीकाठच्या किती म्हाताऱ्यांना कळलं असेल की, उद्या आपल्या गोठ्यात पाणी येणार?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लाख लिटर. तुमच्या माझ्या भाषेत, दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर दर सेकंदाला 280. एवढं सांगितलं की आकडा थोडा डोळ्यांपुढं येतो. पण तेवढ्यानंही पताका टोकाला जात नाही. आयर्विनला 45 फूट असताना आपल्या गावच्या कुठल्या पायरीला पाणी लागतं, कुठला रस्ता बंद होतो, जनावरं कधी हलवायची, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो निरोप समजला. प्रत्येक गावात जुन्या माणसांना ही खूण माहीत असते. मागच्या पुराचं पाणी कुठल्या देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, आणि त्या दिवशी आयर्विनला किती फूट होते, हे दोन आकडे शेजारी शेजारी भिंतीवर लिहून ठेवले, की ते गावाचं संकेतपुस्तक झालं.

आणि पाळी लावा. पावसाळ्यातल्या त्या आठ-दहा रात्री सगळं गाव जागं राहून उपयोग नाही. तिसऱ्या रात्री सगळेच पेंगतात. चार-चार तासांच्या पाळ्या करा, रोज एक घर पुढं सरकवा. जाणाऱ्यानं येणाऱ्याला पाणी कुठवर आलंय ते सांगावं, येणाऱ्यानं स्वतः जाऊन खूण पाहावी आणि मगच म्हणावं, पाळी मी घेतली. ज्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, तिथं नुसता मेसेज पाठवून थांबू नका. मोबाइलवर दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे निरोप फक्त दिसला. फोन करा आणि विचारा, "मावशी, मी काय सांगितलं ते परत सांगा बरं."

मावशींनी ते आपल्या शब्दांत परत सांगितलं, की समजा पोच मिळाली.